सगळे एकाच बाजूने: घरच्यांसोबत सहकारी बोर्ड गेम खेळण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळ नवीन असताना पडणारे प्रश्न वेगळे आणि चार-सहा डाव झाल्यावर पडणारे वेगळे. इथे दोन्ही आहेत. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांना उत्तरं थोडक्यात दिली आहेत, कारण ती डबा उघडल्यावर आपोआप मिळतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांवर जरा जास्त बोललो आहे.

सहकारी खेळ म्हणजे नक्की काय? समोर कोणी भिडू नसेल तर खेळायचं कोणाशी?

खेळाशीच. पटावर एक संकट असतं, ते प्रत्येक पाळीला थोडं पुढे सरकतं, आणि सगळे मिळून त्याला तोंड देतात. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे.

उदाहरण म्हणून ‘फॉरबिडन आयलंड’ घ्या. २४ चौकोनी फरशा मांडून एक बेट तयार होतं आणि ते बुडत असतं. पाण्याखाली गेलेली फरशी उलटी करतात. ती वेळेत सावरली नाही आणि तिचा पत्ता पुन्हा निघाला, तर ती कायमची पटाबाहेर जाते. तेवढ्यात चार खजिने गोळा करायचे आणि सगळ्यांनी हेलिकॉप्टरच्या जागी पोहोचून निघून जायचं. एक जण जरी मागे राहिला तरी डाव गेला.

संकट चालवायला माणूस लागत नाही, ते काम पत्त्यांची गड्डी करते. ती कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. या खेळात अधूनमधून पाणी वाढल्याचा पत्ता येतो. तो आला की आतापर्यंत निघालेले पुराचे पत्ते पिसून गड्डीच्या वर ठेवतात. खाली नाही, वर. म्हणजे जी ठिकाणं आत्ता बुडाली होती तीच लगेच पुन्हा निघणार. खेळ तयार करणाऱ्या मॅट लीकॉक यांनी ही युक्ती २००८ च्या ‘पॅन्डेमिक’ या जगभर पसरणारे रोग आवरायच्या खेळात वापरली आणि २०१० च्या ‘फॉरबिडन आयलंड’मध्ये ती सोपी करून आणली. मुलांना हे एकदा कळलं की ‘आपलं नशीबच वाईट’ असं म्हणणं थांबतं आणि ती बाजूला पडलेले पत्ते मोजायला लागतात. तिथून खरा खेळ सुरू होतो.

म्हणजे सगळे जिंकतातच ना? मग त्यात मजा कसली?

सगळे बहुतेकदा हरतात. ‘पॅन्डेमिक’मध्ये जिंकायचा रस्ता एकच आहे: चारही रोगांवर औषध शोधणं. हरायचे तीन: आठवा उद्रेक झाला (म्हणजे रोग एका शहरात मावेनासा होऊन शेजारच्या शहरांत पसरला), रोग दाखवणारे एखाद्या रंगाचे ठोकळे संपले, किंवा खेळाडूंच्या पत्त्यांची गड्डी संपली. नवीन माणसं साधारण तिसऱ्या प्रकाराने हरतात. रोग विझवण्यात इतकी रमतात की औषधाला लागणारे पत्ते जमवायचं राहून जातं.

पहिल्याच डावात सहज जिंकता आलं तर अवघडपणाची पायरी वाढवा. डब्यात त्याची सोय असते.

मुलांना कोणत्या वयापासून खेळता येतं?

दोन वर्षांपासून, पण त्या वयात त्याला खेळ म्हणायचं की रंग ओळखणं, हे तुम्ही ठरवा. ‘फर्स्ट ऑर्चर्ड’मध्ये चार झाडांवर चार रंगांची लाकडी फळं असतात आणि एक कावळा बागेकडे चालत येतो. फाशावर रंग पडला की त्या झाडाचं फळ टोपलीत, कावळा पडला की कावळा एक घर पुढे. फाशाच्या एका बाजूवर टोपली आहे. ती पडली की हवं ते फळ घ्यायचं. अख्ख्या खेळात निर्णय एवढा एकच. ज्या झाडावर सर्वांत जास्त फळं उरली असतील तिथलं घेणं शहाणपणाचं, पण तीन वर्षांचं मूल आपल्या आवडत्या रंगाचंच घेणार. घेऊ द्या. तो त्याचा निर्णय आहे, आणि त्यामुळे कावळा जिंकला तर पुढच्या डावात ते स्वतःच झाडांकडे बघायला लागतं.

चार वर्षांच्या आसपास ‘हूट आउल हूट’ चांगला आहे: सूर्य उगवायच्या आत घुबडांना घरट्यात पोहोचवायचं. सगळ्यांचे पत्ते उघडे असतात, त्यामुळे बोलत बोलत खेळता येतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ‘आउटफॉक्स्ड’ आवडतो. त्यात १६ संशयितांमधून चोर कोल्हा शोधायचा आणि पुरावे तपासायला एक छोटी पेटी असते. मुलांना ती पेटी खेळापेक्षाही जास्त आवडते. सात वर्षांपासून ‘झॉम्बी किड्झ इव्होल्यूशन’, आठपासून ‘पॅन्डेमिक’, असं डब्यांवर लिहिलेलं असतं.

त्या आकड्यांना फार मानू नका. वय हे बहुतेक करून वाचन आणि धीर यांच्यासाठी लिहिलेलं असतं. ‘फॉरबिडन आयलंड’वर १० आहे, पण मोठं माणूस शेजारी असेल तर त्याहून लहान मुलं तो मजेत खेळतात. उलट, ४५ मिनिटं एका जागी बसवत नसेल तर डब्यावरचं वय गाठलेलं मूलही मध्येच उठून जाईल.

आमच्याकडे एकच जण सगळ्यांच्या चाली ठरवतो. बाकीचे नुसत्या सोंगट्या हलवतात. काय करावं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते महत्त्वाचाही हाच. सहकारी खेळ घरात नावडता होतो तो हरल्यामुळे नाही. तो याच्यामुळे होतो.

घडतं ते असं. ताईची पाळी येते. ती पटाकडे बघत असते तोवर बाबा म्हणतात, ‘तू असं कर, इथून तिथे जा, हा ठोकळा उचल, मग तुझा निळा पत्ता मला दे.’ चाल उत्तम असते, अडचण तीच आहे. चुकीची असती तर ताई भांडली तरी असती. आता ती सांगितलेलं करते आणि पुढच्या पाळीला पटाकडे न बघता बाबांकडे बघते. तिसऱ्या डावाला ती म्हणते, ‘तुम्ही खेळा, मी नंतर येते.’

याला दोन बाजूंनी हात घालता येतो. एक म्हणजे टेबलावरचे नियम बदलायचे. ‘पॅन्डेमिक’च्या नियमपुस्तिकेतच सांगितलं आहे की सल्ला कोणीही द्यावा, पण चाल ज्याची पाळी आहे त्यानेच ठरवायची. हे मोठ्याने वाचून दाखवा, विशेषतः ज्याला ऐकवायचं आहे त्याच्याकडूनच वाचून घ्या. त्यापुढे जाऊन घरचा एक नियम करता येतो: सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. ज्याची पाळी आहे त्याने आधी ‘मला असं वाटतंय’ म्हणून सुरुवात करायची, मग इतरांनी बोलायचं. क्रम एवढा उलटा केला तरी पुष्कळ फरक पडतो. सल्ला दिलाच तर माहिती द्या, हुकूम सोडू नका. ‘या शहरात तीन ठोकळे झालेत’ हे चालेल, ‘तिकडे जा’ हे नको.

हातातले पत्ते उघडे ठेवायची पद्धत नवशिक्यांना सोयीची असली तरी सल्लेबाजांना ती आयतं कुरण देते. नियम सगळ्यांना आले की पत्ते हातात धरायला लावा.

दुसरी बाजू म्हणजे खेळच असा निवडायचा की दुसऱ्याची चाल ठरवणं शक्यच नसेल. असे खेळ आता भरपूर आहेत आणि घरात कोणी बोलघेवडं असेल तर मी थेट तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

आंत्वान बोझा यांचा ‘हनाबी’ बघा. ५० पत्ते, पाच रंग, एक ते पाच आकडे. प्रत्येक रंगाची एक ते पाच अशी ओळ टेबलावर लावायची. गंमत अशी की पत्ते उलटे धरायचे: पाठ आपल्याकडे, चेहरा इतरांकडे. सगळ्यांना तुमचे पत्ते दिसतात, तुम्हालाच दिसत नाहीत. पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करता येते: पत्ता खेळा, पत्ता टाकून द्या, किंवा एखाद्याला त्याच्या पत्त्यांबद्दल रंग किंवा आकडा सांगा. सांगायला फक्त आठ टिकल्या. समजा आजोबांनी नातवाला सांगितलं, ‘हा एक पत्ता लाल.’ टेबलावर लाल दोनपर्यंत आलेलं आहे. आता नातवाला विचार करायचा आहे: आजोबांनी टिकली खर्च करून हे का सांगितलं? बहुधा तो लाल तीन असावा. की आजोबा फक्त ‘हा टाकू नकोस’ म्हणतायत? या घटकेला नातवाला कोणीही मदत करू शकत नाही, तोंडानेही नाही आणि भुवयांनीही नाही. तो पत्ता टेबलावर ठेवतो तेव्हा सगळ्यांचा श्वास अडकलेला असतो, आणि निर्णय सर्वस्वी त्याचा असतो. सात-आठ वर्षांच्या मुलावर एवढा भरवसा टाकणारे प्रसंग एरवी कितीसे येतात?

‘द क्रू’ याच जातीचा, पण पत्त्यांच्या हातांचा. उतारी, हुकूम, हात करणं हे ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना तो पाच मिनिटांत येतो. फरक एवढाच की कोणत्या पत्त्याचा हात कोणी करायचा हे आधी ठरलेलं असतं आणि बोलायला जवळपास बंदी. एका मोहिमेत आपल्या एकाच पत्त्याबद्दल एकदाच काय ते सुचवता येतं. मोहिमा ५० आहेत, सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या. वोल्फगांग वार्श यांचा ‘द माइंड’ तर आणखी टोकाला जातो: एक ते शंभर आकड्यांचे पत्ते, कोणी काही बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, आणि सगळ्यांनी मिळून चढत्या क्रमाने पत्ते टाकायचे. नियम ऐकून लोक म्हणतात, हे शक्यच नाही. दोन फेऱ्यांनंतर दुसऱ्याच्या थांबण्याचा अर्थ लागायला लागतो.

मग मोठ्यांनी मुलांसमोर मुद्दाम कमी खेळावं का?

नाही. स्पर्धेच्या खेळात आईबाबा मुलाला जिंकू देतात आणि मुलाला ते सहसा कळतं. सहकारी खेळात त्याची गरजच उरत नाही, आणि मला हाच त्यांचा मोठा फायदा वाटतो. आपल्या पाळीला जीव तोडून खेळा. फक्त आपल्याच पाळीला.

सगळ्यात धाकटा अजून नियम समजण्याएवढा नाही, पण त्याला खेळायचंच आहे.

त्याला कच्चं लिंबू म्हणून घ्या, पण रिकाम्या हातांनी बसवू नका. संकटाचं काम त्याच्याकडे द्या. पुराचे पत्ते उलटणं, पाण्याची पट्टी वर सरकवणं, कावळा पुढे नेणं ही कामं या खेळांत कोणाला तरी करावीच लागतात, आणि बाकीच्यांना घाबरवायला मिळतं म्हणून धाकट्यांना ती फार आवडतात. दुसरा मार्ग जोडीचा: एका भूमिकेमागे दोघं. मात्र त्या जोडीत शेवटचा शब्द लहानाचा, असं आधीच सगळ्यांसमोर ठरवून टाका.

हरलं की आमचं मूल रडतं. ‘एकत्र हरलो’ म्हणून समजूत पटत नाही.

पटणारच नाही, हरणं हे हरणंच. पण इथे एक वेगळी सोय आहे. हरवणारा माणूस समोर बसलेला नसतो, त्यामुळे राग काढायला कोणी नसतं आणि कोणी चिडवतही नाही. मोठेही तेवढेच हरलेले असतात. त्यांनी हळहळ मोकळेपणाने दाखवावी: ‘अरे, एकच फरशी! एक फरशी राहिली असती तर सुटलो असतो.’ समजूत घालणाऱ्या माणसापेक्षा सोबत हळहळणारा माणूस तेव्हा जास्त उपयोगी पडतो.

एक गोष्ट टाळा: कोणाच्या चालीमुळे हरलो याची चौकशी. मोठ्या भावंडांना तिची फार हौस असते. ‘तू तो पत्ता टाकला नसतास तर’ हे वाक्य निघालं की सहकारी खेळ तिथे संपला. बोलायचंच तर पुढच्या डावात आपण सगळे काय वेगळं करू, यावर बोला.

रडू खूप येत असेल तर काही दिवस पंधरा-वीस मिनिटांत आटपणारे खेळ घ्या. तासभर झुंजून हरणं मोठ्यांनाही जड जातं.

नियमांत सूट दिली तर चालते का? की तो रडीचा डाव?

डाव सुरू व्हायच्या आधी दिलेली सूट म्हणजे नियम. हरताना दिलेली सूट म्हणजे रडीचा डाव. मुलांना हा फरक बरोबर कळतो.

आधी द्यायच्या सुटीची सोय बहुतेक खेळांतच असते. ‘पॅन्डेमिक’मध्ये साथीचे पत्ते (पाणी वाढल्याच्या पत्त्यासारखे, संकट वाढवणारे) चार घातले तर सोपा, पाच घातले तर नेहमीचा, सहा घातले तर भलताच अवघड. ‘फॉरबिडन आयलंड’मध्ये सुरुवातीची पाण्याची पातळी चारपैकी कुठलीही निवडता येते. ‘चाल मागे घेता येईल का’ हाही प्रश्न आधीच सोडवा. नवीन पत्ता उलटायच्या आत चाल बदलता येईल, पत्ता दिसल्यावर नाही, एवढा नियम पुरतो.

नियम समजावून सांगताना सगळे कंटाळतात. काही उपाय?

नियमपुस्तिका टेबलावर वाचू नका. एकाने आदल्या दिवशी वाचून, जमलं तर एकट्यानेच दोन भूमिका घेऊन एक डाव खेळून बघावा. हे स्पर्धेच्या खेळात जमत नाही, सहकारी खेळात सहज जमतं, कारण लपवायचं फारसं काही नसतं. ‘हनाबी’ आणि ‘द माइंड’ याला अपवाद.

मग सांगताना क्रम असा ठेवा: आपण कोण आहोत, कशाने जिंकतो, कशाने हरतो, पाळीला काय करता येतं. बस. अपवाद आणि खास पत्ते समोर येतील तेव्हा. सहकारी खेळात मध्येच ‘अरे हो, एक नियम सांगायचा राहिला’ म्हटलं तरी कोणाचं नुकसान होत नाही, कारण समोरचा त्याचा फायदा घेणार नसतो. पहिल्या डावाला डब्यावरच्या वेळेच्या दुप्पट वेळ धरा.

पत्त्यांवरची भाषा घरातल्या सगळ्यांना वाचता येत नाही.

मग ज्यांवर मजकूरच नाही असे घ्या. ‘हनाबी’, ‘द माइंड’ आणि ‘फर्स्ट ऑर्चर्ड’मध्ये आकडे, रंग आणि चित्रं एवढंच. ‘द क्रू’मध्ये पत्त्यांवर आकडे आहेत, मोहिमेची पुस्तिका मात्र कोणीतरी वाचून दाखवावी लागते. ‘मायक्रोमॅक्रो: क्राइम सिटी’ म्हणजे एका शहराचा भलामोठा काळा-पांढरा नकाशा. त्यावर भिंग घेऊन माणसांचा माग काढायचा आणि १६ प्रकरणं उलगडायची. प्रश्न एकाने वाचायचे, शोधायचं सगळ्यांनी. चित्रं गोंडस असली तरी त्यात खूनही आहेत, तेव्हा लहान मुलं असतील तर प्रकरण आधी चाळून घ्या.

‘जस्ट वन’ शब्दांचाच खेळ आहे, पण तो आपल्या भाषेत करून घेणं अगदी सोपं. एकाने डोळे मिटायचे, इतरांनी एक शब्द ठरवायचा आणि प्रत्येकाने गुपचूप एका शब्दाचा संकेत लिहायचा. दोघांनी तोच संकेत लिहिला तर दोन्ही बाद, उरलेल्यांवरून ओळखायचं. म्हणजे सोपा संकेत सगळ्यांना सुचणार आणि उडणार, हे धरून थोडा तिरका विचार करावा लागतो. चिठ्ठ्यांवर आपले शब्द लिहिले की झालं. आजी-नातवंडांच्या शब्दांत जो फरक असतो तो इथे कामी येतो: आजीचा संकेत सहसा कोणाशी जुळत नाही, त्यामुळे तो टिकतो.

किती जणांना खेळता येतं?

बहुतेक खेळ दोन ते चार जणांचे. ‘हनाबी’ पाच जणांपर्यंत चालतो, ‘जस्ट वन’ तीन ते सात. ‘स्काय टीम’ फक्त दोघांचा: एक वैमानिक, एक सहवैमानिक, प्रत्येकाला चार फासे, आणि फासे टाकले की बोलणं बंद. घरात सहा-सात माणसं असतील तर चार भूमिकांच्या खेळात जोड्या लावण्यापेक्षा ‘जस्ट वन’ काढलेला बरा.

डोळ्यांना किंवा हातांना त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी काय बघावं?

घेण्याआधी पत्त्यांचे फोटो बघा: आकडे मोठे आहेत का, आणि रंगाच्या जोडीला चिन्ह आहे का. रंग ओळखायला त्रास असलेला माणूस घरात असेल तर चिन्ह नसलेला रंगांचा खेळ त्याला पूर्ण बाहेर ठेवतो. बोटं दुखत असतील तर पत्ते उभे ठेवायची लाकडी पट्टी मिळते. दिवा वरून नको, बाजूने ठेवा, म्हणजे गुळगुळीत पत्त्यांवर चकाकी येत नाही.

नवीन डबा न आणता घरातल्याच खेळांतून असं काही करता येईल का?

येईल. साप-शिडीचा पट, दोन सोंगट्या, एक फासा आणि ५२ पत्त्यांची गड्डी काढा. सोंगट्या कोणाच्याही मालकीच्या नाहीत. ज्याची पाळी त्याने फासा टाकायचा आणि दोनपैकी कोणती सोंगटी हलवायची ते ठरवायचं. प्रत्येक पाळीनंतर गड्डीतला एक पत्ता बाजूला. गड्डी संपायच्या आत दोन्ही सोंगट्या शंभरावर पोहोचल्या पाहिजेत.

हिशोब बघा: फाशावर सरासरी साडेतीन घरं पडतात, म्हणजे ५२ पाळ्यांत १८२. दोन सोंगट्यांना मिळून हवीत २००. उरलेली १८ घरं शिड्यांवरून मिळवायची आणि सापाच्या तोंडी जाणारी सोंगटी न हलवता दुसरी हलवायची. ज्या खेळात एरवी फासा सांगेल ते करावं लागतं त्यात अचानक निवड येते. फार अवघड वाटलं तर दोन जोकर मिसळून ५४ करा. सोपं वाटलं तर पत्ते कमी करा.

पालथ्या पत्त्यांच्या जोड्या लावायचा खेळही असाच बदलतो. दहा जोड्या, सगळ्यांच्या मिळून पंधरा चुका. जिंकलात की पुढच्या डावाला चौदा.

सतत असं खेळून मुलं मऊ पडणार नाहीत का? बाहेर तर स्पर्धाच आहे.

स्पर्धेचे खेळ बंद करा असं कोणी म्हणत नाही. दोन्ही ठेवा. पण सहकारी खेळ मऊ असतो ही समजूत ज्याने ‘पॅन्डेमिक’ सहा साथींनी खेळून पाहिलाय त्याची राहत नाही. शिवाय आपलं म्हणणं चारजणांना पटवून देणं, पटलं नाही तर दुसऱ्याच्या चालीला मनापासून साथ देणं, हेही कसबच आहे, आणि बुद्धिबळात ते शिकायला मिळत नाही.

सगळे एकत्र, पण एक जण आतून फितूर, असे खेळ कसे?

मोठ्यांच्या मैफिलीत धमाल येते. लहान मुलं असतील तर थांबा. पाच वर्षांच्या मुलाला आई खोटं बोलत होती हे डावाच्या शेवटी कळणं मजेशीर वाटेलच असं नाही.

हे खेळ अलीकडचं फॅड आहे का?

‘फर्स्ट ऑर्चर्ड’ ज्याच्यावरून आला तो मूळ जर्मन बागेचा खेळ १९८६ चा आहे. मोठ्यांच्या खेळांत राइनर क्निझिया यांनी २००० मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर सहकारी खेळ केला आणि २००८ मध्ये ‘पॅन्डेमिक’ आल्यावर हा प्रकार घरोघरी गेला. जर्मनीतला ‘श्पील डेस यारेस’ हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार २०१३ मध्ये ‘हनाबी’ला मिळाला. त्यानंतर २०१९ मध्ये ‘जस्ट वन’, २०२१ मध्ये ‘मायक्रोमॅक्रो’, २०२३ मध्ये ‘डॉर्फरोमांटिक’, २०२४ मध्ये ‘स्काय टीम’, २०२५ मध्ये ‘बॉम्ब बस्टर्स’. म्हणजे २०१९ ते २०२५ या सात वर्षांत पाच वेळा सहकारी खेळ जिंकला. फॅड एवढा काळ टिकत नाही.

एकदा जिंकलो की खेळ संपला का?

गड्डी पिसली की डाव नवा, त्यामुळे ‘पॅन्डेमिक’, ‘हनाबी’ वगैरे संपत नाहीत. ‘हनाबी’त २५ पैकी २५ गुण मिळवणं हे तर वर्षानुवर्षांचं वेड होऊ शकतं. ‘मायक्रोमॅक्रो’ मात्र प्रकरणं संपली की संपतो. उत्तरं लक्षात राहतात, तेव्हा तो पुढे कोणाला तरी देऊन टाका. कोड्यांच्या ‘एक्झिट’ मालिकेत पत्ते कापावे-दुमडावे लागतात, तो एकदाच खेळायचा. ‘झॉम्बी किड्झ’मध्ये जसजसे खेळाल तसतशी बंद पाकिटं उघडतात आणि नवीन नियम येतात. पाकिटाच्या ओढीने मुलं ‘अजून एक डाव’ म्हणून मागे लागतात, तेव्हा झोपायच्या वेळेआधी तो काढू नका.

पहिला एकच खेळ घ्यायचा तर कोणता?

धाकटं मूल पाचाच्या आत असेल तर ‘हूट आउल हूट’. सात-आठच्या पुढे सगळे असतील तर ‘फॉरबिडन आयलंड’. तो अर्ध्या तासात होतो, आणि फरशा बुडताना डोळ्यांना दिसतात, त्यामुळे संकट समजावून सांगावं लागत नाही. घरात कोणी सगळ्यांच्या चाली ठरवणारं असेल तर दोन्ही सोडा आणि ‘हनाबी’ घ्या.

डाव अर्धा झाला आणि उठावं लागलं तर?

पटाचा फोटो काढा, कोणाची पाळी होती ते कागदावर लिहा, आणि पत्त्यांच्या गड्ड्या वेगवेगळ्या पाकिटांत भरा: न निघालेल्या वेगळ्या, निघालेल्या वेगळ्या. न निघालेली गड्डी चुकूनही पिसू नका. ‘पॅन्डेमिक’मध्ये आणि ‘फॉरबिडन आयलंड’मध्ये त्या गड्डीच्या वरच्या भागात नुकतीच निघालेली ठिकाणं असतात, ती मिसळली की सगळं संकटच बदलतं. हातातले पत्ते ज्याचे त्याने नावाच्या पाकिटात ठेवावेत.

‘हनाबी’ असा ठेवता येत नाही. कोणाला कोणत्या पत्त्याबद्दल काय सांगितलं होतं ते दुसऱ्या दिवशी कोणाच्याच लक्षात नसतं, आणि ज्याच्या असतं त्याच्याशी इतरांचं जुळत नाही. तो सरळ पिसून नव्याने वाटा.